तुम्ही जाऊन या

मे महिना लागला की आमच्या अपार्टमेंटच्या खाली गाड्यांच्या टपावर बॅगा चढायला लागतात. सांगलीतलं ऊन अंगाची लाही करत असतं आणि जो तो कोकणात निघालेला असतो. खालच्या मजल्यावरची सून डिकीत पोरांच्या प्लॅस्टिकच्या बादल्या, वाळूत खेळायची खोरी, टॉवेल असं काय काय कोंबत असते. तिचा नवरा टायरला लाथ मारून हवा बघत असतो. मी गॅलरीत कपडे वाळत घालायचं निमित्त करून उभी राहते. खरं तर मला कौतुक वाटायला हवं, पण माझं टाळकं सरकतं. त्या बिचाऱ्यांवर नव्हे, नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यावर.

लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून द्या. का म्हणून सोडू? राग म्हणजे काय दुधाची पिशवी आहे, तारीख उलटली म्हणून फेकून द्यायला? मी तो नीट जपून ठेवलाय आणि दर मे महिन्यात त्याला ऊन दाखवते.

तेव्हा आम्ही हळदीच्या पेठेमागे दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे एका अडत दुकानात दिवाणजी होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सुजाता पहिलीत होती आणि मिलिंद बालवाडीत. हंगामात पेठेतून इतकी हळद उडायची की खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं तर पिवळं व्हायचं, आणि पोरांचे बनियन कितीही धुतले तरी कायम हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसायचे. संध्याकाळी मी दोघांना कृष्णेच्या घाटावर न्यायची. तिथे एकदा सुजातानं विचारलं, "आई, समुद्राचा पलीकडचा काठ दिसतो का गं, नदीचा दिसतो तसा?"

मी वर्गात भिंतीवरच्या नकाशात छडीने समुद्र दाखवणारी बाई, पण मला उत्तर देता येईना. मी समुद्र एकदाच बघितला होता, दादरला चैत्यभूमीला गेलो होतो तेव्हा. तोही माणसांच्या डोक्यांवरून दिसलेली एक करडी पट्टी. काठबीठ दिसायचा प्रश्नच नव्हता. त्या संध्याकाळी घाटाच्या पायऱ्या चढतानाच मी ठरवलं, की ह्या दोघांना समुद्र दाखवायचा. पट्टी नव्हे, पायाला लागेल असा. मला बाकी काही नको होतं. दागिना मागितला नव्हता, साडी मागितली नव्हती.

मग आमच्या घरात समुद्राची तयारी सुरू झाली. शाळेतून पर्समध्ये येणारे खडूचे तुकडे घेऊन मी शहाबादी फरशीवर रस्ता काढला. पलंगाच्या पायाशी कोरेगाव, कारण गाडी ह्यांच्या गावाहून निघणार होती, तिथून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर. कपाटापाशी कुंभार्ली घाट, तो मी मुद्दाम भरपूर वाकडा काढला. मग चिपळूण, गुहागर. गुहागरहून समुद्राच्या कडेकडेने खाली यायचं, पण वाटेत खाडी आडवी येते आणि रस्ता पाण्यापाशी संपतो, म्हणून गाडीला आत मोठा वळसा. तो वळसा मोरीच्या उंबऱ्याला जाऊन आला. मग रत्नागिरी आणि आंबा घाटाने परत. मिलिंद काडेपेटीची जीप करून दिवसभर त्या रेघेवरून तोंडाने आवाज काढत फिरायचा. त्याला वाळू पाहिजे होती. पेठेत राहून वाळू कुठली? मी मूठभर हळद पसरली. सुजातानं स्टीलच्या ताटात पाणी घेऊन कपड्यांची नीळ कालवली आणि ते ताट गुहागरला ठेवलं. आमचे हे दुकानातून आले की चपला काढून, रेघ न पुसता, लांब टांगा टाकत आतल्या खोलीत जायचे. मला वाटायचं, ह्यांनाही हे पटलंय.

पोरांना घेऊन निघायचं म्हणजे काय असतं, हे गाडी चालवणाऱ्याला कधी कळत नाही, ते बरोबर बसणाऱ्या बाईला विचारावं. घाटात पोरं ओकणार, म्हणून पहाटे निघायचं, म्हणजे घाट झोपेत निघून जाईल. आवळासुपारी, लिंबं, ओव्याची पुरचुंडी हाताशी ठेवायची. दुधातल्या दशम्या, कारण त्या शिळ्या होत नाहीत आणि मिलिंद भाकरी खात नाही. खारं पाणी अंगावर वाळलं की खाज सुटते, म्हणून गोड्या पाण्याचा कॅन. जुन्या सुती साड्या फाडून टॉवेल. एक चादर जीपच्या मागच्या बाजूला बांधायला, दुपारचं ऊन पोरांच्या तोंडावर येऊ नये म्हणून. हे सगळं मी डोक्यात रचत होते. शाळा भरवताना, पेपर तपासताना, भांडी घासताना. कुठलाही सेनापती इतका विचार करून लढाईला गेला नसेल.

जीप होती आनंदाची. आनंदा म्हणजे ह्यांचा चुलत भाऊ. कोरेगावजवळ आमचं गाव आहे, तिथे तो कोरेगाव ते सातारा वडाप करायचा, म्हणजे माणशी भाडं घेऊन जीप भरायची आणि पळवायची. लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला सवड नसे, पण बुद्धपौर्णिमेनंतर चार दिवस मोकळे होते. ह्यांनी एसटीडी बूथवरून त्याच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. आनंदा भला माणूस. म्हणाला, "वैनी, पोरं जितं म्हनतील तितं गाडी हुबी करनार. लय मज्जा करू." पौर्णिमेला गावी जायचं, विहारात वंदना, खीर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं. जीपमध्ये आम्ही चौघं, सासूबाई आल्या तर त्या, आणि आनंदा. पोरांना पाय पसरून झोपता येईल इतकी जागा. माझ्या हिशेबात काही म्हणता काही चुकलं नव्हतं.

चुकली ती रीत. आमच्याकडे गाडी दारातून निघायची म्हटलं की भावकीला विचारावं लागतं. लग्नाला नव्हे, दवाखान्याला नव्हे, मौजेला निघालेल्या गाडीची ही गोष्ट. ‘चाललोय, येता का?’ असं घरोघर विचारून ठेवायचं. आणि समोरच्यानं म्हणायचं, ‘न्हाई बा, आमाला कुटं हुतंय. तुमी जाऊन या.’ ह्यावर आपण आणखी एकदा ‘चला की’ म्हणायचं, त्यानं आणखी एकदा हात हलवायचा, आणि शेवटी ‘येताना आमसुलं तेवढी आना’ म्हणून विषय मिटायचा. विचारणाऱ्याचा मान राहतो, ज्याला विचारलं त्याचाही राहतो आणि गाडीतली जागा जागेवर राहते. पिढ्यान्‌पिढ्या हे असं सुरळीत चाललेलं. कुणी खरंच गाडीत चढून बसलंय, असं ऐकिवात नव्हतं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली, पांढऱ्या कपड्यातली सगळी भावकी विहाराच्या पायरीवर खिरीच्या वाट्या घेऊन बसली होती. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "आरं, उद्या गाडी निगायची आन आजून कुनाला इचारलं न्हाईस? लोकं काय म्हनतील? कोन येतंय म्हना, पर इचारून ठिव."

ह्यांनी सगळ्यात जवळ बसलेल्या फुलाआत्यांना विचारलं. फुलाआत्या ह्यांच्या वडिलांची बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन भावाकडे आलेली बाई, सगळ्यांची पोरं सांभाळून, सगळ्यांची घरं राखून म्हातारी झालेली.

"आत्या, उद्या समुद्राला चाललोय. येतीस काय?"

आत्यांनी खिरीची वाटी खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं. आणि म्हणाल्या, "कवा निगायचं?"

 मी शपथेवर सांगते, ह्यांची पंचाईत झाली, कारण पुढचं वाक्य ‘चला की’ असं पाठ होतं आणि त्याची आता गरजच नव्हती. आत्यांनी पुन्हा विचारलं, "पाटंचं निगायचं का? चपला घालू का नको?"

तेवढ्यावर भागलं असतं. फुलाआत्या चिमणीएवढ्या, कोपऱ्यात मावल्या असत्या. पण आत्या निघाल्या म्हटल्यावर रीत मोडली आणि सगळ्यांना तोंड फुटलं. थोरले भावजी, म्हणजे ह्यांच्या चुलत भावांतले सगळ्यात मोठे, उठून उभे राहिले. "आत्याला घिऊन चाललाय, मग आमी काय वंगाळ हाय?" भावजींमागे जाऊबाई. जाऊबाईंमागे त्यांचे भाऊ, जे खीर प्यायला पाहुणे म्हणून आले होते. मग पलीकडच्या आळीतले तात्या. सासूबाई म्हणाल्या, समदी निगाल्यात तर मी मागं कशाला ऱ्हाऊ. वडापची जीप, तिला ‘भरली’ हा शब्दच माहीत नाही. पण एवढी माणसं घाटातून न्यायला आनंदानेसुद्धा डोकं खाजवलं.

आणि मग भावजींनी जागा करायला घेतली. कुणाला कमी केलं असेल? पाहुण्यांना? तात्यांना? स्वतःला? छे! ते माझ्या पोरांकडे बघत म्हणाले, "ही बारकी कशाला घाटात? वकून वकून बेजार हुतील. त्यास्नी काय कळतंय समुद्रातलं? ठिवा घरीच."

फुलाआत्या म्हणाल्या, "माज्या मांडीवर बसतील की रं."

"आत्ये, तू गप बस. तुलाच कोन मांडीवर घेतंय बग आदी," असं म्हणून भावजी हसले आणि त्यांच्याबरोबर सगळे हसले.

मी गप्प बसले नाही. आजही मला त्याचं समाधान आहे. मी उभी राहून, सगळ्यांसमोर म्हणाले, "भावजी, ही गाडी पोरांसाठी ठरलीय. पोरं नसतील तर गाडी कशाला जातेय?"  सासूबाई म्हणाल्या, "भावकीम्होरं सुनंनं आसं बोलावं व्हय?" म्हणजे प्रश्न चुकीचा नव्हता, विचारणारी चुकीची होती. आणि आमचे हे? ह्यांनी मला विहाराच्या मागे नेलं. चांगला, मऊ, समजूतदार आवाज काढला. दुकानात गिऱ्हाइकाला काढतात तसा.

"ऐक ना. आता कुणाला नाही म्हणू? पोरांजवळ कुणीतरी राहायलाच पाहिजे. आपण चौघं जाऊ की पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! माझ्या आयुष्यात मी ह्या दोन शब्दांइतकं खोटारडं काही ऐकलेलं नाही.

पहाटे जीप निघाली. सुजाता नवा फ्रॉक घालून बसली होती, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम कुणाचं, यावर सगळ्यांनी दुसऱ्याकडे बघितलं होतं. मिलिंदच्या हातात काडेपेटी होती. मी दशम्यांचा डबा घरात ओढायच्या आधीच जाऊबाईंनी तो गाडीत घेतला. "ऱ्हाऊ द्या, वाटंत हुतील," म्हणाल्या. ओव्याची पुरचुंडी गेली. लिंबं गेली. गोड्या पाण्याचा कॅन गेला, साड्यांचे टॉवेल गेले, उन्हासाठी आणलेली चादरसुद्धा मागे बांधली गेली. मी रचलेलं सगळं जसंच्या तसं समुद्राला गेलं, फक्त आम्ही तिघं नव्हतो. हे ओझरतं माझ्याकडे बघून पुढे बसले. फुलाआत्या सगळ्यात मागे, दाराच्या दांडीला धरून अर्ध्या बाहेर.

मिलिंद जीपच्या मागे धावला. वडापच्या गाडीमागे आमच्याकडे पोरं रोजच धावतात, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. गावात सावली नव्हती. विहिरीच्या थारोळ्यापाशी पोरं पाण्यात पाय घालून बसायची आणि सुजाता धाकट्याला सांगायची, की समुद्र असाच असतो, फक्त ह्याला काठ आहे. शेजारणी येऊन मला म्हणायच्या, "बरं केलं ऱ्हायलीस. पोरास्नी सोसलं नसतं." मला त्यांच्या डोक्यात घागर घालावीशी वाटायची. कोकणातलं ऊन पोरांना सोसत नाही आणि ह्या माळावरचं सोसतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

मंडळी परत आली. घाटात कोण ओकलं असेल? थोरले भावजी! जाताना आणि येताना. कुंभार्लीच्या प्रत्येक वळणावर त्यांच्यासाठी गाडी उभी करावी लागली, आणि माझ्या पोरांसाठी आणलेली आवळासुपारी त्यांनी संपवली. हे ऐकून मी मोठ्याने हसले. सासूबाई बघत राहिल्या तरी हसले.

ह्यांनी पोरांसाठी सरबताच्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणलं होतं. कौतुकाने, खरंच कौतुकाने, ते ह्यांनी सुजाताच्या हातात दिलं. तिनं बाटली उन्हात धरली. झाकण उघडून बोट बुडवलं, चाटलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, हे निळं नाही." आणि बाटली परत दिली.

संध्याकाळी मी चुलीपुढे बसले होते तेव्हा फुलाआत्या आल्या. त्यांच्या लुगड्याचा काठ खाऱ्या पाण्याने कडक झाला होता, तो त्यांनी धुतला नव्हता. माझ्याशेजारी टेकल्या.

"पोरी, माज्यावर लय राग हाय न्हवं तुजा?"

 होता राग. का नसावा?

"दर बारीला इचारत्यात आन दर बारीला मी न्हाई म्हनती. कळतं मला, न्हाई म्हनन्यासाठीच इचारत्यात. पर हाडं म्हातारी झाली गं. म्हनलं येकदा व्हय म्हनून तर बगू. मी येकटी बाय, कोपऱ्यात बसंन. तुज्या पोरांची जागा जाईल हे माज्या सपनात न्हवतं." मग लुगड्याचा कडक काठ चाचपत म्हणाल्या, "त्याला पल्याडचा काठ न्हाई. लय बगितलं मी. न्हाईच."

सुजाताच्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. आत्यांवरचा माझा राग तिथेच संपला. उरलेला मात्र दुप्पट झाला आणि त्याला नीट पत्ता मिळाला. ह्या बाईला जन्मभर सगळ्यांनी विचारलं आणि कुणी एकदाही न्यायचं म्हणून विचारलं नाही. आणि ती पहिल्यांदा हो म्हणाली, तर तिच्या आडून धडधाकट माणसं गाडीत चढली, आणि खाली उतरवली कोण, तर ज्यांना ‘नाही’ म्हणायचं वयच नव्हतं ती पोरं. असलं विचारणं काय कामाचं? त्यापेक्षा तोंडावर सांगावं, जागा नाही. निदान माणसाला आपली जागा कळते.

सांगलीला परतलो तर फरशीवरचा रस्ता होता तसाच होता. ताटातलं पाणी आटून निळा गोल राहिला होता. ह्यांनी सवयीने लांब टांग टाकली. सुजातानं मोरीतून ओलं फडकं आणलं आणि गुडघ्यावर बसून, रत्नागिरीपासून उलटं पुसत पुसत पलंगाच्या पायापर्यंत आली. मी तिला थांबवलं नाही. हळद तेवढी फरशीच्या फटीत बसली, ती पुढे कित्येक दिवस निघाली नाही.

पुढचं वर्ष आलं, त्यात भावजींच्या मुलीचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी जनगणना की निवडणूक, मला ड्यूटी. मग स्कॉलरशिप, मग दहावी, मग बारावी. मिलिंदला आठवतसुद्धा नाही म्हणतो. सुजातानं समुद्र बघितला तो कॉलेजच्या सहलीत. आली आणि बॅग ठेवता ठेवता म्हणाली, "आई, खरंच नाही दिसत काठ." फुलाआत्या तेव्हा नव्हत्या. त्या गेल्या त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, आणि शेवटपर्यंत भेटेल त्याला समुद्र सांगत होत्या. हे सुजाताला त्यांच्यापाशी बोलता आलं नाही याचं मला वाईट वाटतं.

तर परवा सुजाताचा पुण्याहून फोन आला. तिची दोन्ही पोरं लहान आहेत, धाकटी अजून बाटलीतून दूध पिते. म्हणाली, गुहागरला निघालोय, तिथून कडेकडेने खाली, आता खाडीत गाडी बोटीवर चढवता येते. "आई, येतेस का?"

आणि काय सांगू, माझ्या तोंडातून गेलंच होतं, नको गं, तुम्ही जाऊन या. जीभ तयार होती. मी तिला दाताखाली धरली.

"सुजू, विचारतेस, की विचारून ठेवतेस?"

 ती हसली. "विचारतेय आई. पण जागा एकच आहे. मागे दोन्ही पोरांच्या खुर्च्या पक्क्या बसवल्यात, पट्ट्यांनी आवळलेल्या. त्यांच्या मधे एक माणूस मावतो, तोही बारीक."

पोरांच्या खुर्च्या! मी मागे त्यांच्याकडे गेले होते तेव्हा बघितल्यात. मोठ्या माणसाला त्यात बसताच येत नाही, कितीही थोरला भावजी असला तरी. ज्याने कुणी हे काढलं, त्याच्या घरात नक्की आमच्यासारखी भावकी असणार.

"येते," मी म्हणाले. "कवा निगायचं?"

फोन ठेवला. आमचे हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. आता निवृत्त आहेत, गुडघे दुखतात, कान मात्र शाबूत आहेत. पेपर खाली करून म्हणाले, "काय म्हणत होती?"

"कोकणात चाललेत. मला बोलावलंय."

"आणि मी?"

मी चांगला, मऊ, समजूतदार आवाज काढला.

"जागा एकच आहे हो. पोरांना कसं उतरवायचं? आपण जाऊ की पुढच्या वर्षी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  त्यांना आठवत नसेल असं मला नेहमी वाटायचं; आठवत होतं. मग त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "बरं. तू जाऊन ये."

हे ते खरं म्हणाले की रीतीनं, ते मी विचारलं नाही. स्टूल घेतलं आणि माळ्यावरची बॅग खाली काढली.